काढली तरी परत येते: बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी समजून घेताना

फेब्रुवारीच्या शेवटी बेळगावातून येळ्ळूर रस्त्यानं सकाळी जाताना परगावचा माणूस बळ्ळारी नाल्याजवळ हमखास गाडी थांबवतो. पाणी कुठं दिसतच नाही. नुसती चकचकीत हिरवी पानं, आणि त्यातून वर आलेले फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या माझ्या आतेभावानं तिथं उभं राहून दहा-बारा फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘काय सुंदर गाव आहे तुमचं!’ बांधावर एक काका बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “फोटो चांगले आलेत न्हवं? आता जुलैत या. तवा आमचं भात कुठं गेलंय त्याचा बी फोटो काढा.”

आतेभावाला त्यातलं काही कळलं नाही. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, फुलांचा आणि भाताचा काय संबंध? मी घरी पोचेपर्यंत सांगत होतो तरी निम्मंच सांगून झालं. उरलेलं इथं लिहितोय.

आपल्याकडं हिला जलपर्णी म्हणतात. निपाणी-चिकोडीच्या पलीकडं कोल्हापूर, इचलकरंजीला गेलात तर तिथं हिचंच नाव केंदाळ. नाव काहीही असो, ही इथली नव्हे. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतलं ॲमेझॉनचं खोरं. शास्त्रीय पुस्तकांत हिचं नाव बरीच वर्षं आयकोर्निया होतं. आयकोर्न नावाच्या प्रशियाच्या एका मंत्र्यावरून ते ठेवलेलं. आता तिला पाँटेडेरिया क्रासिपेस म्हणतात. क्रासिपेस म्हणजे जाड पायाची. हा जाड पाय नीट बघितला की अर्धी गोष्ट तिथंच उलगडते.

एक रोप उपटून हातात घ्या. हातमोजे घाला, कारण नाल्याचं पाणी कसलं आहे ते आपल्याला ठाऊक आहे. पानाच्या खाली देठ फुगून लहान वांग्याएवढा झालेला असतो. तो विळीवर उभा चिरला तर आत सगळं पांढरं, भोकाभोकाचं, थर्माकोलसारखं. पाण्यात दाबून सोडला की टुणकन वर येतो. ही तिची होडी. गंमत अशी की गर्दीत वाढलेल्या रोपाला हा फुगा नसतो. चारही बाजूंनी शेजाऱ्यांचा आधार असला की ती फुगा सोडून देते आणि देठ सरळ उंच नेते, कमरेपर्यंतसुद्धा. म्हणून नाल्याच्या कडेला, मोकळ्या पाण्याजवळ ठेंगणी फुगीर रोपं दिसतात आणि मधोमध उंच सडपातळ. बघणाऱ्याला ती दोन वेगळी झाडं वाटतात. आहेत एकच.

खाली मुळांचा झुबका, काळपट जांभळा, पिसासारखा. ही मुळं जमिनीत जात नाहीत, पाण्यातच लोंबकळतात. जे काही खायचं ते पाण्यातूनच.

आणि आता तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. रोपाच्या बुडातून एक आडवा दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला पिल्लू. उचगाव, बेळगुंदीकडं रताळ्याचा वेल कसा पेरापेराला मूळ धरत सरकतो, तोच प्रकार. फरक इतकाच की इथं सरकायला माती लागत नाही. पिल्लाला चार पानं आली की त्याच्या बुडातून पुन्हा दांडा. मधला दांडा तुटला तर पिल्लू स्वतंत्र झालं आणि पाण्याबरोबर निघालं. म्हणून अर्धवट ओढाओढ करून काढणं म्हणजे तिची वाटणी करून देणं.

आता हिशेब बघा. उबदार हवा आणि भरपूर खाणं मिळालं तर जलपर्णी आठवडा-दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण मधला दहा दिवसांचा आकडा धरू. 1 फेब्रुवारीला एक रोप आहे असं समजा. दहा दिवसांनी दोन, वीस दिवसांनी चार. मार्च सुरू झाला तरी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. कुणाचं लक्षही जात नाही. पण शंभराव्या दिवशी, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ती 1024 झालेली असतात. पन्नास दिवस आणखी गेले की 32,768. प्रत्यक्षात जागा आणि खाणं संपतं तिथं वेग मंदावतो, त्यामुळं हा हिशेब अखेरपर्यंत चालत नाही. सुरुवातीला मात्र अगदी असाच चालतो.

यातून एक गोष्ट निघते जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नाल्याचा एखादा डोह पूर्ण झाकला गेला त्याच्या दहा दिवस आधी तो निम्माच झाकलेला होता. वीस दिवस आधी पाव. महिनाभर आधी फक्त आठवा हिस्सा. आठवा हिस्सा हिरवा दिसला की आपण म्हणतो, आहे थोडी, बघू नंतर. खरं तर तेव्हा हातात एक महिना उरलेला असतो. आणि तेव्हा काढायला चार माणसं पुरतात. महिन्यानं जेसीबी लागतो.

उलट्या बाजूनंही हेच गणित लागू होतं. एखाद्या ठेकेदारानं नाला ‘साफ’ केला आणि पुलाखाली, झुडपात, वळणावर मिळून शंभरच रोपं राहिली असं धरा. लोक म्हणतील, नव्व्याण्णव टक्के काम झालं की. साठ दिवसांत त्या शंभराची 6400 होतात. बिल निघेपर्यंत नाला पुन्हा हिरवा.

पण मग प्रश्न येतो, एवढी वाढायला खाणं येतं कुठून? हे मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी गच्चीवर दोन बादल्या मांडल्या. दोन्हीत विहिरीचं पाणी, दोन्हीत दोन-दोन रोपं. एका बादलीत नुसतं विहिरीचं पाणीच भर घालत राहिलो. दुसरीत रोज भांडी धुतलेल्या पाण्यातलं तांब्याभर. पंचवीस दिवसांनी पहिल्या बादलीत तीन रोपं होती, पानं पिवळट, आणि मुळं मात्र लांबच लांब, वीतभर. दुसऱ्या बादलीत अकरा. पानं काळपट हिरवी, चकचकीत. मुळं आखूड, बोटभर. शास्त्रात याला कारण आहे: पाण्यात खाणं कमी असलं की ती मुळं लांबवून शोधत बसते, भरपूर असलं की मुळांवर खर्च करत नाही, सगळी ताकद पानांत आणि पिल्लांत घालते. आमच्या आईनं मात्र त्या अकरा रोपांकडं बघून एवढंच म्हटलं, “म्हणजे आपल्या मोरीनंच पोसलीय ही.”

अगदी तसंच आहे. झाडाला मुख्य लागतात ती नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस). स्फुरद तर अगदी चिमूटभर लागतं, पण तलावा-नाल्याच्या स्वच्छ पाण्यात तेवढंही नसतं, म्हणून तिथं हिरवळ आपोआप आटोक्यात राहते. संडास-मोरीच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही असतात. कपडे-भांडी धुण्याच्या पावडरींतून स्फुरद येतं. शेतात टाकलेल्या युरिया-डीएपीतला जो भाग पिकाला लागत नाही तो पावसाबरोबर ओढ्यात उतरतो. बळ्ळारी नाला एके काळी पावसाचं पाणी वाहून मार्कंडेय नदीला नेणारा साधा नाला होता. शहर वाढलं, गटारं त्यात आली आणि आता तो उन्हाळ्यातही वाहतो. लोकांना वाटतं पाणी आहे हे चांगलंच. कसलं पाणी आहे ते जलपर्णीकडं बघून कळतं. ती रोग नाही, ताप आहे. नाल्याला झालंय ते दुसरंच काहीतरी.

आता कुणी म्हणेल, मग ती घाण शोषून घेते ना? चांगलंच काम करते की! हे खरं आहे, पण अर्धं. जलपर्णी पाण्यातलं नत्र, स्फुरद, इतकंच काय शिसं, कॅडमियम, क्रोमियमसारखे जड धातूही मुळांतून ओढून घेते. जगात कित्येक ठिकाणी सांडपाणी शुद्ध करायला ती मुद्दाम आखीव टाक्यांत वाढवतात. मात्र तिथं ती वेळच्या वेळी काढून बाहेर नेतात. नाल्यात ती तिथंच मरते, तळाला बसते, कुजते आणि खाल्लेलं सगळं पाण्याला परत देते. वर पुढच्या पिढीला जेवण तयार.

कुजण्याचा आणखी एक हिशेब आहे. पाण्यात प्राणवायू येतो दोन वाटांनी. एक, वरच्या हवेतून, लाटा-खळखळाटातून. दोन, पाण्याखालच्या शेवाळ-वनस्पतींकडून, उन्हात. वर जलपर्णीची चटई पसरली की हवेची वाट बंद आणि उन्हाचीही बंद. खाली कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जिवाणू तुटून पडतात, ते उरलासुरला प्राणवायू संपवतात. मग मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि एखाद्या सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगतात. नाल्याला येणारा तो सडक्या अंड्यासारखा वास याच प्राणवायू संपलेल्या गाळाचा. डासांचं तर सांगायलाच नको. त्यातल्या मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या वर श्वास घ्यायलासुद्धा येत नाहीत. अशा पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून तिथलीच हवा ओढतात. केरळात हत्तीरोगाचा एक प्रकार हे डास पसरवतात.

पण बांधावरच्या काकांचा राग डासांवर नव्हता. भाताकडं येऊ.

नाल्यातून सेकंदाला किती पाणी जातं? पाण्याची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार. इतकं सोपं. आता वेग निम्मा झाला आणि वरून येणारा पाऊस तेवढाच राहिला, तर तेवढंच पाणी जायला दुप्पट जागा हवी. नाला रुंद होत नाही. मग पाणी उंच चढतं, आणि उंचीला काठ पुरत नाहीत. जलपर्णीची दाट चटई आणि खालची मुळांची झालर पाण्याला घासून घासून त्याचा वेग मारते. मंद पाण्यात गाळ खाली बसतो, त्यानं खोली कमी होते. आणि जोराचा पाऊस झाला की चटईचे मोठमोठे तुकडे सुटून पुलाच्या मोरीत जाऊन अडकतात. बूच लागल्यासारखं. त्यात एक हेक्टर दाट जलपर्णीचं ओलं वजन शेकडो टन भरतं, कारण तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते बूच माणसानं बांबूनं ढकलून हलत नाही.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे, हलगा या शिवारात मग काय होतं ते जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या कुठल्याही मराठी पेपरच्या आतल्या पानावर वाचायला मिळतं. भाताला पाणी लागतं, पण बुडून राहिलेलं कोवळं भात आठवडाभरानंतर सहसा उठत नाही. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेलं उगवून वीतभर आलेलं असतं, तेवढ्यात नाला शिवारात येतो आणि दहा दिवस बसतो. पाणी उतरल्यावर वाफ्यात भाताऐवजी हेच जांभळं पीक उभं. आमची दीड एकर आहे तिथं. एका वर्षी दुबार पेरणीनंतर इंद्रायणी भाताच्या वाफ्यातून ट्रॉली-दीड ट्रॉली जलपर्णी आम्ही हातानं उचलून बांधावर टाकली. दोष एकट्या जलपर्णीचा नाही, हेही सांगायला हवं. नाल्यावरची अतिक्रमणं, वर्षानुवर्षं न काढलेला गाळ, रस्त्यांचे भराव, लहान मोऱ्या, हे सगळं आहेच. जलपर्णी म्हणजे आधीच चोंदलेल्या नाकाला झालेली सर्दी.

ही झाली शहराजवळची कथा. चिकोडी, निपाणीकडं चित्र थोडं वेगळं आहे आणि तिथं सीमेचा प्रश्न येतो. तुम्हाला वाटतोय तो नव्हे.

पंचगंगा कोल्हापूर, इचलकरंजीचं सांडपाणी घेऊन नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा पुढं कर्नाटकात येते. दूधगंगा आणि वेदगंगा महाराष्ट्रात उगम पावून निपाणी, चिकोडी भागातून वाहतात आणि कृष्णेलाच जातात. या सगळ्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे अडवणाऱ्या फळ्या, घालतात, पाणी अडतं, उसाला मिळतं. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मेपर्यंत नदी ही नदी नसते, लांबट तळ्यांची माळ असते. वाहत्या पाण्यात जलपर्णीला पाय रोवता येत नाही, साठलेल्या पाण्यात तिचं राज्य. बंधाऱ्यामागं सहा-सात महिने ती आरामात वाढते. मग पावसाच्या तोंडावर बरगे निघतात. मागचा सगळा हिरवा गालिचा एकदम सुटतो आणि खाली निघतो. जूनमध्ये सदलगा, मांजरी, अंकलीच्या पुलांवर उभं राहिलात तर पाण्याबरोबर शेतंच्या शेतं वाहत चालल्यासारखी दिसतात. वरच्यांना बरं वाटतं, गेली एकदाची. ती गेलेली नसते, खालच्याच्या दारात पोचलेली असते. आणि आपणही साव नाही. बळ्ळारी नाला मार्कंडेयला, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा पुन्हा कृष्णेलाच. आपल्या मोरीचं पाणी पिऊन वाढलेली रोपं गोकाकच्या दिशेनं जातात, तेव्हा तिथल्या कानडी शेतकऱ्यानं कुणाला बोल लावायचा?

आता थोडं मागं जाऊ. ही बया आली कशी?

फुलामुळं. दुसरं कारणच नाही. एक फूल जवळून बघा. सहा पाकळ्या, त्यातली वरची जरा मोठी, तिच्यावर गडद निळं वलय आणि मधोमध पिवळा ठिपका. मोरपिसाचा डोळाच. एका तुऱ्यावर आठ-दहा ते पंधरा फुलं. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांना ते आवडलं नसतं तरच नवल. बागेतल्या हौदांसाठी ती देशोदेशी गेली. हौदात वाढली, जास्त झाली, जास्तीची कुणीतरी शेजारच्या ओढ्यात टाकली. 1890 च्या दशकात फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत बोटी चालेनाशा झाल्या. 1910 मध्ये लुइझियानाचे काँग्रेस सदस्य रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी अमेरिकेच्या संसदेत चक्क असं विधेयक आणलं की आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत. ते जलपर्णी खातील आणि लोकांना पाणघोड्याचं मांस खायला मिळेल! विधेयक मंजूर झालं नाही. मिळमिळीत सरकारी योजनांना कंटाळलो की मला हे विधेयक आठवतं.

आपल्या देशात ती बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आली, तीही शोभेसाठीच. वीस-तीस वर्षांत तिथल्या खाड्या, नद्या, भातखाचरं तिनं गिळली. प्रकरण इतकं गेलं की 1936 मध्ये बंगालच्या विधिमंडळानं खास जलपर्णी कायदा केला. आपल्या जमिनीतली जलपर्णी काढणं लोकांवर बंधनकारक झालं, आणि 1937 च्या निवडणुकीत तिचा बंदोबस्त करण्याचं आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत होतं. आपल्याकडं निवडणुकीत कशाकशाची आश्वासनं मिळतात ते आठवून बघा. नाल्याचं नाव शेवटचं कधी ऐकलं होतं?

बेळगावात ती कुठल्या वर्षी आली ते सोडा. कशी येत राहते ते मात्र रोज दिसतं. रोपवाटिकेत, आठवडी बाजारात कधीकधी प्लास्टिकच्या टबात विकायला असते, ‘कमळ’ म्हणूनसुद्धा. तुळशीवृंदावनाजवळच्या हौदात, हॉटेलच्या दारातल्या घंगाळात लोक ठेवतात. दोन महिन्यांत टब भरतो. मग कुणीतरी अर्धी गटारात टाकतं. झाली पेरणी.

मग ॲमेझॉनमध्ये ती असा धुमाकूळ का घालत नाही? तिथं तिचे खाणारे आहेत. ज्वारीच्या दाण्याएवढे करडे भुंगेरे, नियोकेटिना नावाचे. मोठा भुंगेरा पान कुरतडतो, त्याच्या चौकोनी चट्ट्यांवरून तो ओळखू येतो. खरं काम अळ्यांचं. त्या फुगीर देठात शिरून बोगदे पाडतात, होडीत पाणी शिरतं आणि रोप बुडतं. शिवाय तिथं दरवर्षी पाणी कित्येक मीटर चढतं-उतरतं, एका जागी निवांत बसायला मिळत नाही. आपल्याकडं ती आली तेव्हा पासपोर्ट तिचा एकटीचाच होता. वैरी मागं राहिले.

हीच गोष्ट उलटी बघायची असेल तर तेरडा आठवा. जांबोटी, कणकुंबीकडं श्रावण-भाद्रपदात उतारच्या उतार तेरड्यानं गुलाबी होतात. गौरीला आपण तोच आणतो, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून त्याची टिंगलही करतो. त्याचा एक भाऊबंद हिमालयात असतो, उंच, गुलाबी. 1839 मध्ये इंग्रजांनी तो शोभेसाठी विलायतेला नेला. आज तिथल्या ओढ्यांचे, नद्यांचे काठ त्यानं व्यापलेत. पिकलेल्या बोंडाला हात लागला की ते फुटतं आणि बिया काही मीटर उडतात, तेरड्याची बोंडं फोडत आपण लहानपणी खेळायचो तेच, आणि तिथं त्या वाहत्या पाण्यात पडतात. हिमालयात त्याला आवरणारी एक तांबेरा बुरशी आहे. ती बुरशी भारतातून नेऊन 2014 पासून त्यांनी तिकडं सोडली. म्हणजे आपल्या हिमालयातला साधा तेरडा त्यांचं केंदाळ, आणि ॲमेझॉनचं साधं फूल आपलं. झाड चांगलं की वाईट हे बहुधा गावावर ठरतं.

तर मग भुंगेरे आणायचे का? आणलेत. 1980 च्या दशकात बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी ते परदेशातून मागवले, आपल्या पिकांना ते तोंड लावत नाहीत याची खात्री केली आणि सोडले. बंगळुरूकडच्या काही तलावांत त्यांनी जलपर्णी खरोखर आटोक्यात आणली. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही 1990 च्या दशकात त्यांचा मोठा उपयोग झाला. पण भुंगेऱ्यांना वेळ लागतो, तीन ते पाच वर्षं. दरवर्षी पुरात वाहून जाणाऱ्या नाल्यात त्यांची वसाहत टिकत नाही. आपण जेसीबीनं सगळी जलपर्णी काढली की भुंगेरेही तिच्याबरोबर गेले. आणि सांडपाणी इतकं असलं की ते जेवढं खातील त्याहून ती जास्त वाढते. त्यामुळं माझं मत असं: किल्ला तलावासारख्या साठलेल्या पाण्याला भुंगेरे ठीक, बळ्ळारी नाल्याला त्यांच्या भरवशावर राहू नये.

तणनाशक फवारायचा सल्ला दर वर्षी कुणीतरी देतं. दोन दिवसांत पिवळी पडते, दिसायला छान. पण मेलेली शेकडो टन जलपर्णी पाण्यातच बुडते, कुजते आणि वर सांगितलं ते सगळं एकदम होतं. शिवाय खालच्या अंगाला त्याच पाण्यावर कोबी, नवलकोल, कोथिंबीर, मेथी घेणारे आहेत. रुंद पानांच्या तणांसाठी बनवलेलं टू-फोर-डी हे तणनाशक तण कुठलं आणि कोबी कुठला ते ओळखत नाही.

काढलेल्या जलपर्णीचं काय करायचं हाही प्रश्नच असतो. खत होतं, गोबर गॅसला चालते, आसामात वाळवलेल्या देठांच्या पिशव्या, टोपल्या विणतात. पण जिथं कारखान्यांचं पाणी नाल्यात मिसळतं तिथली जलपर्णी भाजीच्या खतात घालू नये. तिनं ओढलेले धातू खतातून पुन्हा आपल्याच ताटात यायचे. गुरांना घालायचाही मोह होतो. म्हशी हिरवं बघून तोंड लावतातही, पण नुसत्या तिच्यावर पोट भरू देऊ नये, आणि सांडपाण्यातली तर अजिबात नको.

काठावर आणखी एक जण उभा असतो, त्याच्याबद्दल दोन ओळी. बेशरम. कर्ण्यासारखी फिकट गुलाबी फुलं, मऊ हृदयाकार पानं. तोही अमेरिकेतूनच आलेला, कुंपणाला आणि शोभेला लावलेला. नाव किती समर्पक! तोडून टाकलेली काडी चिखलात रुजते. शेळीनं काही आठवडे खाल्ला तर तिला झटके येतात, मागचे पाय लटपटतात. जलपर्णी काढायला गेलात तर बेशरमाच्या जाळीत अडकलेली रोपंही बघा, लपायची पहिली जागा तीच.

शेवटी सगळे विचारतात ते: मग काढायची केव्हा आणि कशी? आमच्या शिवारातल्या लोकांचं आणि माझं यावर बऱ्यापैकी एकमत झालंय. गटाराचं पाणी अडवल्याशिवाय कायमचं काही होणार नाही, हे धरून चाला, आणि तोवर नुकसान कमी करायचं. मे महिन्याच्या शेवटी पेपरमध्ये फोटो येईल अशी धावपळ करण्यात अर्थ नाही, तेव्हा ती सगळ्यात जड आणि सगळ्यात जास्त असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, आठवा हिस्सा असताना. सुरुवात वरच्या अंगानं करा. खालून सुरू केलं तर तुमच्या पाठीमागं वरून रोज नवी येत राहते. वीस दिवसांनी त्याच जागी पुन्हा चक्कर मारा, कोपरे, पुलाखाली, बेशरमाखाली, राहिलेली शंभर वेचायला. ही दुसरी चक्कर कुणी मारत नाही, आणि खरं काम तीच करते.

बियांचं भानही ठेवा. फूल एक-दोन दिवसांत मिटतं, मग तुरा मान वळवून पाण्यात बुडतो आणि खसखशीएवढं बी गाळात सोडतो. ते बी पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठाचा गाळ उघडा पडला, त्याला ऊन लागलं, की ते उगवतं. म्हणजे एका वर्षी नाला शंभर टक्के साफ झाला तरी पुढच्या वर्षी काठावर नखाएवढी रोपं येणारच. ती बोटांनी उपटता येतात. एप्रिलमध्ये शाळेची पोरं घेऊन गेलो तर तासाभरात बादलीभर निघतात.

आणि ढीग. आमच्याकडं एका वर्षी काढलेली सगळी जलपर्णी नाल्याच्या काठावरच रचून ठेवली होती, पुरुषभर उंच, पाऊण फर्लांग लांब. वरून वाळलेली, आत ओली आणि जिवंत. वळवाच्या दुसऱ्या पावसात निम्मा ढीग पाण्यात परत गेला. तेव्हापासून आम्ही वाफ्यातली काढतो ती ट्रॉलीत भरून रस्त्यापलीकडच्या माळावर नेतो, पातळ पसरतो आणि उलटी करून मुळं उन्हाकडं ठेवतो. दहा दिवसांत कडकडीत वाळते. एका ट्रॉलीचं दोन पोती होतं.